अंजिराच्या बागेत एक रात्र

सहल म्हटली की आपल्या घरांतले बेत ठरलेले असतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा-कोरेगाव, जमले तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर. पुणेकरांसाठी देहूरोडचे बुद्धविहार, आणि वर्षाकाठी एखादी लेणी. कार्ले किंवा भाजे. बाकीची सुट्टी गावाकडच्या लग्नात जाते नाहीतर घरी झोपण्यात. त्यामुळे यंदा मार्च महिन्यात आमच्या वस्तीतली तीन कुटुंबे मिळून अंजिराच्या बागेत तंबूत राहायला निघालो, तेव्हा शेजारच्या काकांनी आम्हांला दारातच अडवले. म्हणाले, "पैसे देऊन रानात झोपायला जाता? अरे, आमच्या बापानं सगळा जन्म फुकटात रानात झोपून काढला!"

काकांचे बोलणे आम्हांला हसण्यावारी नेता आले नाही, कारण ते खरे होते. आमच्यापैकी एक महापालिकेच्या सफाई खात्यात, एक रिक्षावाले, एक पिंपरीच्या कारखान्यात कंत्राटी. तिघांचेही आईबाप दुसऱ्यांच्या रानात राबलेले. आणि आमची आई तर ज्या तालुक्यात आम्ही निघालो होतो, त्याच पुरंदर तालुक्यात तरुणपणी अंजिराच्या तोडीला जात होती. तिला बरोबर न्यायचे की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तिनेच पिशवी भरली.

जागा आम्हांला कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितली. सासवडच्या पुढे दोन एकरांचा मळा. नवरा-बायको, सासू आणि दोन मुले, एवढ्यांचाच कारभार. गडी-माणूस कायमचा नाही. बागेच्या कडेला चार तंबू लावून ते पाहुण्यांना ठेवून घेतात. आम्ही फोन केला तेव्हा बाईंनी उचलला. तिथे पोचल्यावर कोणाच्या कपाळाला आठी पडण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे, म्हणून आम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, "ताई, आम्ही बौद्ध आहोत. चौदा माणसं आहोत." पलीकडून क्षणभर शांतता. आमच्या मनात नको ते येऊन गेले. मग बाई म्हणाल्या, "चौदा? तंबू तर चारच आहेत. एकात तिघं नीट झोपतात, चौघं कोंबावे लागतात. एक-दोघांना खाटेवर चालेल का? आणि वांग्याचं भरीत खाता ना सगळे?"

त्या हिशेबच करीत होत्या, हे आम्हांला फोन ठेवल्यावर समजले.

मोठ्या माणसाला आठशे रुपये आणि लहानाला चारशे, त्यात रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. नऊ मोठे, पाच लहान. नऊ हजार दोनशे झाले. रक्कम आमच्यासारख्यांना लहान नाही. तिन्ही घरांनी दिवाळीनंतर महिन्याला सहाशे रुपये बाजूला टाकले, म्हणून मार्चमध्ये जड गेले नाही. हडपसरहून बस धरली. फुरसुंगी, वडकी मागे पडले आणि दिवे घाट लागला. खाली मस्तानी तलाव दिसला तशी मुले खिडकीशी गोळा झाली. आई मात्र दुसऱ्या बाजूला डोंगराकडे तोंड करून बसली होती.

पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. जमीन हलकी, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी. ऊस-भाताला ती काय कामाची? पण अंजीर आणि सीताफळ यांना हीच जमीन आणि हीच कोरडी हवा मानवते. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे अंजीर-सीताफळ संशोधन केंद्रही याच तालुक्यात जाधववाडीला आहे. 'फुले पुरंदर' हे सीताफळाचे वाण तिथलेच. जोतिराव फुल्यांचे पूर्वज साताऱ्याकडच्या कटगुणहून येऊन ज्या खानवडीत राहिले, ते खानवडीही इथेच. आमच्या सफाई कामगार मित्राने ही गोष्ट बसमध्ये मुलांना सांगितली, तेव्हा पुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ मागे वळून म्हणाले, "तेच खानवडी विमानतळात चाललंय." 2016 साली या तालुक्यात विमानतळ जाहीर झाला, त्यासाठी ठरलेल्या सात गावांत खानवडीचे नाव आहे, आणि 2025 साली जमिनीच्या मोजणीला गावकऱ्यांनी मोठा विरोध केला. आम्ही ज्या गावी उतरणार होतो ते त्या यादीत नव्हते. पण चहाच्या टपरीपासून बागेच्या बांधापर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय होता.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. घर साधे, पुढे पत्र्याची ओसरी, मागे गोठा. एका अंगाला सव्वा एकर अंजीर, पलीकडे सीताफळ, वरच्या बाजूला कागद अंथरलेले शेततळे. तंबू अंजिराच्या कडेला चिंचेच्या सावलीत. आमच्या बायकांनी सामान खाली ठेवायच्या आधी संडास कुठे आहे ते विचारले. बाई हसल्या. "सगळ्या बाया हेच आधी विचारतात. म्हणून तंबूच्या आधी संडास-मोरी बांधली." ही त्यांची अक्कल आम्हांला फार आवडली. सहलीची पत्रके झाडे, तारे, शेकोटी यांची वर्णने करतात. बायामाणसांनी रात्री कुठे जायचे, ते लिहीत नाहीत.

ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या, आमच्या आईच्याच वयाच्या. त्यांनी आईला शेजारी बसायला सांगितले. आई पायरीवरच टेकली. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आई सवयीने ओंजळ पुढे करते की काय असे आम्हांला वाटले, पण तेवढ्यात सासूबाईंनी तांब्यातून स्वतःच्या पेल्यात ओतले, दुसऱ्या पेल्यात आईला ओतले आणि म्हणाल्या, "वर या हो, पायरी तापलीय." आई वर गेली. पुढे तासाभराने पाहतो तर दोघी 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांवर बोलत होत्या, आणि मिलोची भाकरी कशी रबरासारखी ताणली जायची ते हातवारे करून एकमेकींना दाखवत होत्या.

दुपारी बाईंनी आम्हांला बाग दाखवली. अंजिराची झाडे पाच-पाच मीटरवर लावतात, म्हणजे एकरी साधारण 160 झाडे बसतात. पाने मोठी, पंजासारखी, आणि काचकागदासारखी खरखरीत. वर्षात दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडाला छाटणी करून घेतात तो खट्टा, पावसाळा सरताना छाटणी करून घेतात तो मीठा. आम्ही गेलो तेव्हा मीठा बहार ऐन भरात होता. रिक्षावाल्यांच्या मुलीने विचारले, "काकू, फळं आहेत, मग फुलं कुठायत?" बाईंच्या मुलाने एक फळ तोडून उभे कापले. आत बारीक बारीक पाकळ्यांसारखे जे गच्च भरलेले असते, तीच फुले. वरून फळ दिसते, पण आत फुलांची वस्ती असते. उंबराचे फूल कोणी पाहिले आहे का, असे आपण म्हणतो ना, ते याच कारणाने. अंजीर, उंबर, वड आणि पिंपळ ही सगळी एका कुळातली झाडे. ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली, त्याचा अंजीर हा चुलतभाऊ. आमची मुले हे ऐकून एकदम गप्प झाली आणि झाडाकडे नव्याने पाहू लागली.

आई मागून म्हणाली, "म्हणूनच दोघांना चीक असतो."

चिकाची गोष्ट आम्हांला तिने रात्री सांगितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चुलीवर बाईंच्या भाकऱ्या चालल्या होत्या. आमच्यातल्या दोघी थापायला बसल्या, कारण चौदा माणसांच्या भाकऱ्या एका बाईने थापायच्या आणि आम्ही तारे पाहायचे हे कोणाच्याच मनाला पटेना. भरीत, पिठले, कांदा, शेंगदाण्याची चटणी. जेवणे झाल्यावर अंथरुणावर बसून आई सांगू लागली. दुष्काळात तिने रस्त्यावर खडी फोडली. पुढची दोन-तीन वर्षे ती आणि तिची बहीण अंजिराच्या तोडीला जात. अंजिराचा देठ मोडला की पांढरा चीक गळतो. तो बोटांना लागून लागून कातडी सोलवटते, भेगा पडतात. हातमोजे कोणाला माहीत? फडके गुंडाळायचे, तेही चिकाने कडक व्हायचे. रात्री भाकरी थापताना पीठ झोंबायचे, जेवताना तिखट झोंबायचे. पाणी वरून ओंजळीत. जेवायला बांधापलीकडे. आणि संध्याकाळी घरी जाताना फुटकी, मऊ पडलेली, पाखरांनी टोचलेली फळे पदरात. चांगले फळ तोडायचे, पण तोंडात घालायचे नाही. त्या मळ्याचे नाव तिने सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी आम्ही इथे लिहिले नसते. मजुरी किती होती तेही तिला आता आठवत नाही. बोटे आठवतात.

मुले ऐकता ऐकता पेंगली. मोठ्यांनी बराच वेळ काही बोलले नाही.

रात्रीबद्दल थोडे सांगायला हवे. मार्चमध्ये दिवसा कितीही ऊन असले तरी माळावर पहाटे चांगली थंडी पडते. आम्ही पातळ चादरी नेल्या होत्या, चूक झाली. घोंगडी किंवा जाड सोलापुरी चादर हवीच. तंबूची चेन लावायचा मुलांना कंटाळा, आणि मग किडे-मुंग्या आत. अकराच्या सुमारास बागेत फडफडाट झाला, तशी कारखान्यातल्या मित्राचा धाकटा किंचाळत बाहेर आला. वटवाघळे होती. पिकले अंजीर त्यांना फार आवडते. दिवसा बुलबुल आणि रात्री ही मंडळी. बाईंचे यजमान बॅटरी घेऊन फेरी मारून आले आणि मुलाला म्हणाले, "घाबरू नको बाळा, ती पण पाहुणीच आहेत, फक्त पैसे देत नाहीत." आई तंबूत झोपलीच नाही. खाट बाहेर ओढून, तोंडावर पदर घेऊन पडली होती.

झोप नव्हती म्हणून आम्ही बाईंशी बोलत बसलो. त्यांचा हिशेब त्यांनी मोकळेपणाने सांगितला. अंजीर तोडल्यावर एक-दोन दिवसच टिकते. पहाटे तोडायचे, पाटीत खाली-वर पाने घालून लावायचे आणि सकाळीच बाजार गाठायचा. सासवड किंवा पुण्याचे मार्केट यार्ड. आवक वाढली की भाव कोसळतो, आणि घरी परत आणून ठेवायची सोय नाही. ढगाळ हवा आली की पानांवर तांबेरा. सीताफळाची अर्धी बाग रोजगार हमीतून फळबाग लावायची जी योजना 1990 साली सुरू झाली, तिच्यात सासऱ्यांनी लावलेली. तिने पुष्कळ तारले. पण दोन एकरांवर दोन मुलांचे शिक्षण निघेना. तेव्हा बाईंनी बचत गटातून कर्ज काढून तंबू घेतले. मालक आधी नाराज होते; घराशी परकी माणसे नकोत म्हणत. आता तंबूंचे पैसे बाईंच्या खात्यात जमा होतात आणि मुलीची कॉलेजची फी त्यातून जाते. "म्हणजे बागेपेक्षा तंबू बरे?" असे आम्ही विचारले. "बाग नसती तर तंबूत कोण आलं असतं?" त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "पण पहाटे चारला उठते ना, ते कुणी हिशेबात धरत नाही." तोड, पाटी, न्याहारी, जनावरे, पुन्हा स्वयंपाक. शनिवार-रविवार त्यांना नाहीतच. मे महिन्यात टँकर येऊ लागला की त्या तंबू गुंडाळून ठेवतात, पाहुण्यांच्या अंघोळीला पाणी कुठून आणायचे? जोराच्या पावसातही बंद.

महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातही गावाकडे दोन-तीन एकर असून ती पडीक टाकून पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे पुष्कळ आहेत. 1958 च्या कायद्याने वतने गेली आणि त्या जमिनी पुन्हा नावावर झाल्या. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोनची अट असते, तेव्हा काहीही उभारण्यापूर्वी तहसील कचेरीत विचारलेले बरे. आणि हेही लक्षात ठेवावे की बाग उभी राहायला वर्षे लागतात. नुसते तंबू ठोकून कोणी येत नाही. आमच्या रिक्षावाल्या मित्राच्या डोक्यात परतीच्या वाटेवर असा बेत सुरू झाला होता, म्हणून हे बोलावे लागले.

पहाटे पाचला जाग आली तर आईची खाट रिकामी. बागेत बॅटरीचे दोन उजेड हलत होते. जाऊन पाहतो तो आई आणि बाई फळे तोडत होत्या. बाईंनी तिला आधी अडवले होते, "मावशी, तुम्ही पाहुण्या, तुम्ही काम करायचं नाही." आई म्हणाली, "काम नाही गं, हात बघते, विसरलाय का." बाईंनी रबरी हातमोजे पुढे केले. आईने ते उलटसुलट करून पाहिले, मग घातले. हात विसरला नव्हता. फळ पिकले की हिरव्याचे जांभळट होते आणि मान खाली टाकते. आई उजेडाकडे न बघता बोटांनी मान चाचपडायची, देठाशी हलकी पीळ द्यायची आणि फळ तळहातात. आम्ही तोडायला गेलो तर ओढाओढीत दोन फळांची साले निघाली. तिने आम्हांला बाजूला केले. मुलांना मात्र जवळ बोलावून एकेकाला एकेक फळ तोडायला लावले, आणि चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका म्हणून चार वेळा बजावले.

उजाडल्यावर पाट्या गेल्या. न्याहारीला पोहे. आमच्या पोरांनी रात्री मोबाईलवर गाणी लावली होती ती आई ओरडल्यावर बंद केली, हे कबूल करायला हवे. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या, पण झोपल्याही नव्हत्या. कोणाच्या तरी राहत्या घरी आपण उतरलो आहोत, हे तंबूत पडल्यावर विसरायला होते. ताटे आम्ही आमची घासली. मुलांनी जाण्यापूर्वी कागद-पिशव्या गोळा केल्या. बाईंच्या मुलाने अंजिराची तीन फाटे छाटून ओल्या गोणपाटात बांधून दिली. अंजीर फाट्यावरून लागते. आमच्या वस्तीत माती कुठली, पण विहाराच्या मागे एक कोपरा आहे.

निघताना हिशेब केला. बाईंनी एका खोक्यात अंजिरे भरून आईच्या हातात ठेवली. "घ्या मावशी, पहाटे तोडलीत ना. पैसे नको." आईने खोके परत त्यांच्याकडे सरकवले. "दोन किलो तोलून दे. वरच्या थरातली दे." आणि लुगड्याच्या कनवटीची पिशवी काढून आपल्या पेन्शनचे पैसे मोजले. बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी तराजू आणला. पारडे खाली गेल्यावर वर दोन फळे ठेवली, तेवढी मात्र आईने राहू दिली.

बसमध्ये खोके तिच्या मांडीवर होते, हडपसरपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. वस्तीत पोचल्यावर तिने स्वतः दारोदार जाऊन एकेक वाटले. दारात अडवणाऱ्या काकांनाही दिले. काकांनी ते फोडून आत पाहिले, खाल्ले, आणि बऱ्याच वेळाने विचारले, "पुढच्या खेपेला जागा आहे का रे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोक्यात चार फळे उरली होती. मऊ पडली होती, एक फुटले होते. आम्ही म्हटले, "आई, खाऊन टाक, उद्या टिकणार नाहीत." तिने ती उचलली आणि गल्लीच्या टोकाला बांधलेल्या शेळीपुढे टाकून आली.

"फुटकी तेव्हा पुष्कळ खाल्ली," ती म्हणाली, आणि हात धुवायला मोरीत गेली.